मुंबईचे दोन ट्रॅक आणि बाकीचे उरलेसुरले : लेड झेपलिनचा तीन डिस्कचा ‘कोडा’

लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचे नऊही स्टुडिओ अल्बम गिटारवादक आणि निर्माता जिमी पेज याने 2014 आणि 2015 या दोन वर्षांत रीमास्टर करून, म्हणजे जुन्या टेपचा आवाज नव्याने उजळून, पुन्हा बाजारात आणले आणि प्रत्येक अल्बमसोबत तोवर कपाटात पडून असलेल्या मुद्रणांची एक जादा डिस्क जोडली. या मालिकेतला शेवटचा अल्बम म्हणजे ‘कोडा’. त्याची नवी आवृत्ती 31 जुलै 2015 रोजी निघाली आणि मालिकेत केवळ तिलाच एकाऐवजी दोन जादा डिस्क मिळाल्या. मूळच्या आठ गाण्यांना पंधरा ट्रॅकची जोड मिळून एकूण संख्या तेवीस झाली आहे. मुंबईतल्या श्रोत्याचे लक्ष या संचाकडे जाते ते तिसऱ्या डिस्कच्या आरंभी असलेल्या दोन ट्रॅकमुळे, कारण ते 1972 साली याच शहरात, इथल्या वादकांना बसवून मुद्रित केलेले आहेत. केवळ त्या दोन ट्रॅकसाठी हा संच घ्यावा का, असे मला अनेकांनी विचारले आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र इतर कारणांसाठी तो अवश्य घ्यावा, आणि ती कारणे सविस्तर सांगण्याजोगी आहेत.

‘कोडा’ हा मुळात नियोजनपूर्वक केलेला अल्बम नव्हता. ड्रमवादक जॉन बॉनम याचा 25 सप्टेंबर 1980 रोजी मृत्यू झाला, उरलेल्या तिघांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात बँड थांबवत असल्याचे निवेदन काढले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर 1982 मध्ये, पेजने जुन्या टेप धुंडाळून आठ गाण्यांची ही जेमतेम तेहतीस मिनिटांची तबकडी सिद्ध केली. समीक्षकांनी तेव्हा तिची फारशी दखल घेतली नाही आणि चाहत्यांनीही ती संग्रह पूर्ण करण्यापुरतीच घेतली. निव्वळ अल्बम म्हणून पाहिल्यास त्या वेळचे मत चुकीचे नव्हते. पहिली डिस्क आजही एकसंध वाटत नाही. 1970 च्या लंडनमधल्या मैफलीतून ती एकदम 1978 च्या स्टॉकहोमला उडी मारते. मात्र दोन नव्या डिस्क शेजारी आल्यावर तिचा हाच विस्कळीतपणा कामी येतो, कारण बँडच्या साऱ्या कारकिर्दीचे नमुने, ऑक्टोबर 1968 च्या पहिल्या मुद्रणांपासून नोव्हेंबर 1978 च्या शेवटच्या स्टुडिओसत्रापर्यंत, एकाच पाकिटात हाती येतात. लोकप्रिय गाण्यांच्या संकलनातून ही कारकीर्द कळत नाही. तिथे सगळे तयार होऊन, इस्त्री करून समोर येते. इथे कच्चे टाके दिसतात.

या बँडची मुळे ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात, आहेत हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते, पण ती मुळे लंडनला पोहोचली कशी हे समजून घेतल्याशिवाय दुसऱ्या डिस्कचा आस्वाद पुरता घेता येत नाही. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आणि साठीच्या आरंभी शिकागोच्या चेस आणि कोब्रा यांसारख्या छोट्या कंपन्यांच्या तबकड्या इंग्लंडमधल्या तरुणांच्या हाती लागू लागल्या. 1962 साली अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकारांचा एक महोत्सव मँचेस्टरला झाला, तेव्हा अठरा वर्षांचा पेज तो ऐकायला लंडनहून गेला होता. पुढे तो लंडनच्या स्टुडिओंमध्ये इतरांच्या गाण्यांवर रोजंदारीने वाजवणारा भरवशाचा गिटारवादक झाला, 1966 मध्ये यार्डबर्ड्समध्ये दाखल झाला, आणि 1968 च्या उन्हाळ्यात तो बँड फुटल्यावर नव्या माणसांच्या शोधाला लागला. जॉन पॉल जोन्स हा त्याच्यासारखाच स्टुडिओत मुरलेला बेसवादक आणि संयोजक होता. गायक रॉबर्ट प्लँट आणि बॉनम हे दोघे मिडलंड्स भागातले, विशीतले, बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले. पहिला अल्बम पेजने स्वतःच्या पैशाने, सुमारे छत्तीस तासांच्या स्टुडिओवेळेत पुरा केला, आणि तो जानेवारी 1969 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पूर्वतयारी पक्की असल्याशिवाय इतक्या थोड्या वेळात असे काम होत नाही.

त्या पहिल्या सत्रातले ‘बेबी कम ऑन होम’ आणि ‘शुगर मामा’ हे दोन ट्रॅक दुसऱ्या डिस्कवर आहेत. पहिल्यात चर्चमधल्या गायनाच्या वळणाचा संथ सोल आहे, दुसऱ्यात सरळ, चटपटीत ब्लूज-रॉक. दोन्ही ऐकताना जाणवते की प्लँटला आपल्या आवाजाची व्याप्ती कळलेली आहे, पण तो कुठे आवरायचा हे अजून उमगलेले नाही. बॉनम मात्र पहिल्या दिवसापासून तयार आहे. ‘शुगर मामा’मध्ये त्याचे ड्रम बाजूला काढून ऐकले, तर गाण्यात फारसे काही उरत नाही.

पहिल्या डिस्कवरचे ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ हे शिकागोचा गीतकार विली डिक्सन याचे गाणे आहे. ओटिस रश याने ते 1956 मध्ये कोब्रा कंपनीसाठी गायले आणि झेपलिनने पहिल्याच अल्बममध्ये घेतले. इथे आहे ती आवृत्ती 9 जानेवारी 1970 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली, मैफलीआधीच्या तालमीतली आहे. तो पेजचा सव्विसावा वाढदिवस होता. सभागृह रिकामे असल्यामुळे टाळ्या-शिट्ट्यांचा अडसर नाही आणि गिटारचा प्रत्येक स्वर भिंतीला लागून परत येताना ऐकू येतो. रशच्या मूळ मुद्रणात वेदना आत दाबून ठेवलेली आहे, तर झेपलिन ती उघड्यावर मांडतात; गायकाच्या एका ओळीला गिटारने उत्तर द्यायचे, त्या उत्तराला ड्रमने टोला द्यायचा, असा तो खेळ आहे. मला रशची आवृत्ती अधिक भिडते. तरीही चार वादकांचे एकमेकांकडे किती बारीक लक्ष असू शकते हे ज्याला ऐकायचे असेल, त्याने ही चार-साडेचार मिनिटे सोडू नयेत.

‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’ हा माझ्या मते संपूर्ण संचाचा कळस आहे. मिसिसिपीचा गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याने ते 1937 मध्ये डॅलस येथे मुद्रित केले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. ते मुद्रण प्रत्यक्ष प्रसिद्ध व्हायला 1961 साल उजाडावे लागले. झेपलिनची आवृत्ती जून 1969 मध्ये बीबीसी रेडिओसाठी झाली. जॉन्सन एकट्याच्या गिटारवर तीन माणसांचे काम करत असे, आणि पेजने ते काम खरोखरच अनेक गिटारींमध्ये वाटून टाकले आहे. काचेच्या नळीने तारांवरून घसरणारी गिटार एका बाजूच्या स्पीकरमधून येते, लयीची गिटार मधोमध उभी राहते आणि जोन्सचा बेस त्या दोघींच्या खालून, घाई न करता, स्वतःची वेगळी चाल चालतो. शब्द मात्र केवळ त्या एका गाण्यातले नाहीत. जॉन्सनच्या इतर गाण्यांमधल्या ओळीही प्लँटने त्यात गुंफल्या आहेत. श्रेयनामावलीत पेज आणि प्लँट यांच्याबरोबर जॉन्सनचे नाव आहे, ही समाधानाची बाब.

ती समाधानाची म्हणावी लागते, कारण या बँडच्या बाबतीत असे नेहमी घडलेले नाही. तिसऱ्या डिस्कवर ‘ब्रिंग इट ऑन होम’चे कच्चे मिक्स, म्हणजे गाणे अंतिम रूपाला येण्याआधी वेगवेगळे आवाज जुळवून केलेली प्रत, आहे. डिक्सनने लिहिलेले आणि सनी बॉय विल्यमसनने गायलेले हे गाणे 1969 च्या दुसऱ्या अल्बममध्ये पेज आणि प्लँट यांच्या नावाने छापले गेले. प्रकाशकाने दावा केला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच अल्बममधल्या ‘होल लोटा लव्ह’साठी डिक्सनने 1985 मध्ये स्वतः न्यायालयात धाव घेतली आणि 1987 मध्ये तेही बाहेरच्या बाहेर निकालात निघाले. आपल्याकडच्या ख्याल गायकाला जुनी बंदिश गाताना कोणी चोर म्हणत नाही, कारण तिथे बंदिश ही घराण्याची ठेव असते आणि तिचा विस्तार हीच गायकाची कमाई असते. मात्र बंदिशकाराचे वा गुरूचे नाव घेताना तो कानाच्या पाळीला हात लावतो. झेपलिनचा विस्तार अव्वल दर्जाचा होता. त्यांचा हात कानाकडे जायचा राहून गेला, आणि तो जावा यासाठी वकिलांची गरज पडली. बँडचे अनेक चाहते हा विषय निघाला की ‘ब्लूजमध्ये सगळेच एकमेकांचे घेत असत’ असे म्हणून मोकळे होतात. ते खरे आहे. पण शिकागोतला एक कलाकार दुसऱ्याचे घेत असे तेव्हा दोघेही सारखेच फाटके असत; विमान भाड्याने घेऊन दौरे करणाऱ्या बँडला तो युक्तिवाद शोभत नाही.

‘इफ इट कीप्स ऑन रेनिंग’ या नावाने दुसऱ्या डिस्कवर येणारा ट्रॅक म्हणजे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे आधीचे मिक्स. कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या दांपत्याने 1929 मध्ये, मिसिसिपीला 1927 साली आलेल्या महापुरावर, हे गाणे मुद्रित केले होते. 1971 च्या अल्बममधले त्याचे अंतिम रूप ड्रमच्या आवाजासाठी जगभर ओळखले जाते. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्यापाशी, प्रवेशाच्या दालनात ड्रम मांडून, मायक्रोफोन वरच्या जिन्याच्या कठड्याला टांगून तो आवाज मिळवला गेला. इथल्या कच्च्या मिक्समध्ये ती खोली, ते अंतर, तो दणका अजून आलेला नाही. गाणे हलके आहे, किंचित नाचरेही आहे. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यावर ध्वनिमुद्रण ही स्वतंत्र कला आहे हे कोणाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. गाणे तेच, वादक तेच. फरक पडतो तो वाद्य आणि मायक्रोफोन यांच्यामधल्या हवेने. दादर-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, डोक्यावर पंखा फिरत असताना ही हवा ऐकू येईल का, अशी शंका मलाही होती. येते. अट एवढीच की पंखा एकवर ठेवावा आणि शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे.

आता मुंबईच्या दोन ट्रॅकविषयी. 1972 साली पेज आणि प्लँट दोघेच इथे आले होते. बॉनम आणि जोन्स सोबत नव्हते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या नाइटक्लबमध्ये ते दोघे अचानक येऊन वाजवून-गाऊन गेल्याची हकिगत मुंबईचे जुने रॉकप्रेमी आजही रंगवून सांगतात. स्टुडिओत मात्र काम नेमके होते. बँडची दोन आधीची गाणी, तिसऱ्या अल्बममधले ‘फ्रेंड्स’ आणि चौथ्यातले ‘फोर स्टिक्स’, तंतुवाद्यांचा ताफा आणि तबला यांच्यासह करून पाहायची होती. ही मुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला त्रेचाळीस वर्षे लागली; दरम्यान चोरट्या प्रती शौकिनांमध्ये हातोहात फिरत होत्या, आणि त्यांच्या खरखरीतून काय ऐकू येते यावर वाद रंगत होते. नव्या आवृत्तीत आवाज स्वच्छ आहे आणि त्यामुळे जुन्या वादांचा निकालही लागतो.

‘फ्रेंड्स’ जमले आहे. मूळ गाण्याचीच गिटार अशा वेगळ्या सुरावटीत लावलेली आहे की खालचा स्वर तंबोऱ्यासारखा सतत वाजत राहतो. त्यावर व्हायोलिनचा समूह आला तेव्हा त्याला परके घर वाटले नाही. तबला मागे न राहता गिटारच्या बरोबरीने चालतो आणि काही ठिकाणी गिटारला पुढे ढकलतो. ‘फोर हँड्स’ या नावाने आलेले ‘फोर स्टिक्स’ मात्र अवघडलेले आहे. या गाण्याचा मुख्य भाग पाच मात्रांच्या आवर्तनावर उभा आहे आणि मधला भाग सहाच्या चालीवर जातो. पाच मात्रा आपल्या वादकाला अवघड जायचे कारण नव्हते. झपताल ज्याच्या बोटांत आहे त्याला दोन-तीन-दोन-तीन असा विभाग झोपेतही सांभाळता येतो. अडचण, मला वाटते, वेगळीच होती. मूळ मुद्रणात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून जे काही केले होते, त्यावर हे सारे गाणे तोललेले होते. तो आधार काढून घेतल्यावर उरतो तो गिटारचा एक तुकडा, आणि तंतुवाद्ये तोच तुकडा इमानेइतबारे पुन्हा पुन्हा वाजवतात. वादकांना त्यांचे स्वतःचे असे काही करायला वाव दिलेला दिसत नाही. एखाद्या सारंगियाला किंवा तबलजीला चार आवर्तने मोकळी दिली असती, तर या ट्रॅकचे चीज झाले असते.

आणि इथेही नावांचा प्रश्न आहेच. गाण्यांच्या यादीत या दोन ट्रॅकपुढे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढेच येते. त्या दिवशी तबल्यावर कोण बसले होते, व्हायोलिनचा ताफा कोणी बसवला, हे यादीवरून कळत नाही. मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना या अनामिकपणाची सवय होती, हे मान्य. हिंदी चित्रपटसंगीतातही अनेक दशके पडद्यावर संगीतकाराचे नाव येई आणि शंभर वादकांचा ताफा काळोखात राही. पण पेज स्वतः कधीकाळी असाच बिननावाचा स्टुडिओवादक होता, त्यामुळे त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवली तर ती गैर नाही. संपूर्ण संचात एखादा सविस्तर लेख असता, तर मुंबईपासून हेडली ग्रेंजपर्यंतच्या या साऱ्या गोष्टी नव्या श्रोत्याला कळल्या असत्या. मालिकेचा निर्माता जिवंत आहे, त्याला सगळे आठवते आणि तो मुलाखतींतून बोलतोही. तरी संचात माहिती त्रोटकच राहावी, हा या संचाचा सर्वांत मोठा दोष मी मानतो.

उरलेल्या ट्रॅकविषयी थोडक्यात. ‘पुअर टॉम’चे गायनविरहित मिक्स ड्रम शिकणाऱ्याने वहीत उतरवून घ्यावे असे आहे, बॉनमची ती घरंगळती चाल आवाजाच्या खाली दडून जात होती, ती इथे मोकळी झाली आहे. ‘बॉन्झोज माँट्रू’ हा 1976 चा निव्वळ ड्रमचा ट्रॅक, त्यावर पेजने इलेक्ट्रॉनिक संस्कार केलेले. एकदा ऐकावा, दोन आवृत्त्यांची गरज नव्हती. ‘हे हे व्हॉट कॅन आय डू’ हे 1970 चे गोड, मोकळ्या गळ्याचे गाणे त्या काळी एका अमेरिकन सिंगलच्या मागल्या बाजूवर अडकून पडले होते, आणि त्याला कोणत्याही मुख्य अल्बममध्ये जागा का मिळाली नाही हे मला आजवर कळलेले नाही. ‘एव्हरीबडी मेक्स इट थ्रू’मध्ये पुढे ‘इन द लाइट’ झालेल्या गाण्याचे वेगळेच बालपण ऐकू येते. स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत, म्हणजे ॲबा या गायकसमूहाच्या घरच्या स्टुडिओत, 1978 च्या अखेरीस केलेल्या तीन गाण्यांपैकी ‘वेअरिंग अँड टेअरिंग’ तेवढे दमदार आहे. पंक संगीताने म्हातारे ठरवलेल्या बँडने दिलेले ते रागीट उत्तर आहे. ‘ओझोन बेबी’ आणि ‘डार्लीन’ त्या सत्रांतून निघालेल्या ‘इन थ्रू द आउट डोअर’ या अल्बममधून का वगळली गेली, हे ऐकल्याबरोबर समजते.

रीमास्टरिंगचे काम संयमाने केलेले आहे. नव्वदीनंतरच्या अनेक पुनर्प्रकाशनांत आवाज सतत चढा ठेवण्याची जी खोड शिरली, ती इथे फारशी जाणवत नाही; हळू भाग हळूच राहतात, त्यामुळे मोठे भाग खरोखर मोठे वाटतात. तीन सीडींचे पुठ्ठ्याचे घडीचे पाकीट दिसायला देखणे आहे, मात्र डिस्क त्यातून काढताना खिसे घट्ट लागतात आणि पृष्ठभागावर बारीक ओरखडे येण्याची भीती राहते. त्यात मुंबईचा पावसाळा. पुठ्ठ्याला बुरशी धरू नये म्हणून बाहेरून प्लास्टिकचे आवरण आणि कपाटात सिलिका जेलची पुडी, ही काळजी जून लागण्यापूर्वीच घ्यावी. एलपीच्या संचाला तर ती दुप्पट लागते. काळा घोड्याचे र्‍हिदम हाउस 2016 मध्ये बंद झाल्यापासून असे संच हातात घेऊन, उलटून-पालटून, दोन गाणी ऐकून विकत घेण्याची सोय शहरात जवळपास उरलेली नाही, म्हणून बहुतेकांना ते ऑनलाइनच मागवावे लागतात. माझा संच एका विक्रेत्याने नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीतून पाठवला आणि एक कोपरा चेपूनच आला. परदेशी मालाला इतके पैसे मोजल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यातले पॅकिंग आधीच लेखी मागून घ्यावे.

तीन सीडी की तीन एलपी, असा प्रश्न असेल तर मी सीडीच्या बाजूने आहे. सलग ऐकण्याजोगा हा अल्बम नाही; हवा तो ट्रॅक काढून, त्याची मूळ आवृत्ती शेजारी लावून, पुन्हा मागे जाऊन ऐकण्याची ही सामग्री आहे, आणि त्या कामाला दर वेळी सुई उचलून ठेवणे गैरसोयीचे पडते. ज्यांनी या बँडचे काहीच ऐकलेले नाही, त्यांनी आधी पहिला आणि चौथा अल्बम ऐकावा, मग इकडे वळावे. ज्यांच्याकडे बँडच्या सर्व स्टुडिओ अल्बमच्या 1993 च्या संचातला ‘कोडा’ आहे त्यांनी मात्र तो विकून टाकू नये. त्यात ‘व्हाइट समर’ आणि ‘ब्लॅक माउंटन साइड’ यांचे एकत्र, बीबीसीसाठी केलेले मुद्रण होते आणि नव्या आवृत्तीत ते वगळले आहे. ‘ब्लॅक माउंटन साइड’ ज्या पहिल्या अल्बममध्ये आहे, तिथे त्यावर विराम जसानी यांनी तबला वाजवला आहे आणि त्यांचे नावही छापलेले आहे. मुंबईच्या ट्रॅकनंतर लगेच ते लावून पाहावे.